फ्रिजचं प्रस्थान

आमच्या राजेश्वरात पाऊस कमी-जास्त होतो, तुरीचा भाव वर-खाली होतो, वीज येते-जाते. वाईट दिवसांची मात्र कधी टंचाई पडत नाही. त्याला कारण भूगोल. तालुका बसवकल्याण, जिल्हा बिदर, राज्य कर्नाटक. गावाजवळून हैदराबाद-सोलापूर हमरस्ता जातो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडण रंगात आलं की दखनी. १९४८ पर्यंत निजाम होता, मग हैदराबाद राज्य आलं, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्याचंच नाव कर्नाटक झालं. सरकारं आली आणि गेली. कॅलेंडरं मात्र सगळी आमच्याकडंच राहिली.

आमच्या बैठकीच्या भिंतीवर तीन आहेत. पहिलं कालनिर्णय, दरवर्षी उमरग्याहून कोणाला तरी सांगून मागवलेलं. दुसरं कन्नड, एका पतसंस्थेनं फुकट दिलेलं, त्यात तारखेपेक्षा राहुकाल ठळक. तिसरं उर्दू, चौकातले किराणावाले चाचा ईदीबरोबर देतात. मराठी कॅलेंडर अमावस्या आणि पितृपक्ष सांभाळतं. कन्नड कॅलेंडर रोजच्या दिवसातला दीड-दीड तास कापून घेतं. उर्दू कॅलेंडराचा अख्खा सफर महिना आहेच. तिन्हींचा मान राखून वर्षभरात एखादा निखळ चांगला दिवस सापडतो, आणि त्या दिवशी दुकान बंद असतं.

२०२५ च्या जूनमध्ये आमचा फ्रिज वारला. आधी घरघरला, मग त्यानं खाली पाणी सोडलं, मग शांत झाला. मेकॅनिकनं पाठीमागं डोकं घालून बघितलं आणि डॉक्टरलोक करतात तशी मान हलवली. आईनं पहिला प्रश्न विचारला, "पंचक तर न्हवतं?"

मी कालनिर्णय बघितलं. पंचकच होतं.

चंद्र धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत असतो ते दिवस पंचकाचे. त्यात कोणी गेलं तर तो एकटा जात नाही, सोबत नेऊन पाच पुरे करतो, अशी समजूत. म्हणून पुतळे करून शांत करतात. शास्त्र माणसांपुरतं आहे, असं मी आईला समजावलं. तिनं मिक्सरकडं बघितलं, इस्त्रीकडं बघितलं, पंख्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाली, "तू म्हणतोस तर म्हणतोस." आठवड्याच्या आत मिक्सर गेला. तो तसाही वर्षभर मरणपंथाला लागलेला होता, चटणी वाटताना त्याच्या डोक्यावर हात दाबून उभं राहावं लागायचं. पण हे कोण ऐकतो.

"आजच हुमनाबादला जाऊ," सौ. म्हणाली. आम्ही पायात चपला घातल्या. समोरच्या अक्का कट्ट्यावर ज्वारी निवडत होत्या.

"कुठं निघालात?"

"फ्रिज बघायला."

"अय्यो! आषाढदाग होस सामान तरबारद्री!"

आषाढ लागला होता. कन्नड मुलखात आषाढ म्हणजे नवी सून माहेरी, जावयाला सासरचा उंबरा बंद, घरात नवी वस्तू नाही, शुभकार्य नाही. आणि त्याच आषाढात, त्याच चंद्राखाली, आमच्याकडचे मराठी लोक पताका घेऊन पंढरपूरच्या वाटेला लागलेले असतात. त्या वर्षी तर ६ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकाच रविवारी आले. एका गल्लीत साबुदाणा, दुसरीत शरबत. असल्या दिवसाला वाईट कोणी म्हणावं?

"अक्का, विठोबा आषाढातच बोलावतो की सगळ्यांना."

"बोलावतो. फ्रिज घेऊन या म्हणतो का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आषाढ वाईट का, याचा माझा आपला एक सिद्धान्त आहे. पेरणीचे दिवस, हाताला सवड नाही, खिशात दमडी नाही, रस्त्यात चिखल. अशा महिन्यात लग्न कोण काढणार आणि खरेदी कोण करणार? पण ‘पैसे नाहीत’ हे सासऱ्याला सांगायला जीभ रेटत नाही. तेव्हा कुण्या शहाण्या गृहस्थानं ‘महिना चांगला नाही’ असं सांगून सुटका करून घेतली असणार, आणि व्याह्यालाही तेच हवं असणार. माझ्याकडं याला पुरावा नाही. पण मीही त्या महिन्यात पगार संपल्यावर दुकानदाराला फोनवर "आषाढ आहे ना" असंच सांगितलं आणि तो लगेच "हो, बरोबर" म्हणाला.

आषाढ संपला. श्रावण लागून दोन दिवस झाले असतील-नसतील, दूध नासल्यामुळं मी चाचांच्या दुकानातून पावडर आणायला गेलो.

"फ्रिज लिये नै अबीतक?"

"आता जाणार, चाचा."

"अबी? तेरा तेजी लगी ना साब! कायकू जल्दी? थोडे दिन ठैर जाव."

सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस म्हणजे तेरा तेजी. दख्खनच्या मुसलमानांत ही समजूत जुनी आहे. पैगंबरसाहेब त्या दिवसांत आजारी होते, म्हणून ते दिवस जड. जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेलं ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक डॉ. हर्क्लॉट्स यांनी १८३२ साली लंडनला छापलं, त्यातही ही समजूत आहे. चाचांच्या घरी रात्री उशाशी अंडी, तेल आणि उडीद ठेवतात आणि सकाळी ते गरिबाला देऊन टाकतात. मी विचारलं, "मौलवीसाहेब तर सांगतात की सफर महिन्यात अपशकुन वगैरे काही नसतो म्हणून?"

"मौलवीसाब सई बोलते," चाचा तराजूतली साखर चिमटीनं कमी करत म्हणाले, "मगर अम्मी बी गलत नै बोलती थी."

माझ्या मते या विषयावर आजवर झालेल्या सगळ्या वादांचं सार एवढंच आहे. एका बाजूला मौलवीसाहेब, दुसऱ्या बाजूला अम्मी. निकाल कोणाच्या बाजूनं लागतो हे सांगायला नको.

तेरानं तर सगळ्या जगाला छळलं आहे. येशूच्या शेवटच्या जेवणाला पंगतीत तेरा जण होते, म्हणून साहेबाच्या देशात तेरा माणसांची पंगत बसत नाही. १८८२ च्या १३ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये कॅप्टन विल्यम फाउलर नावाच्या गृहस्थानं मुद्दाम ‘थर्टीन क्लब’ काढला. तेरा नंबरच्या खोलीत तेरा-तेरा जणांची मेजं मांडून लोक जेवले आणि जेवून घरी गेले. तरी काही विमानांत तेरावी रांग गाळतात ती गाळतातच. आपल्याकडं चंदीगड आखताना सेक्टर बारानंतर थेट चौदा आला. तेरा नंबर मिळाला तो २०२० साली, मनीमाजरा या जुन्या गावाला, त्या गावाची तक्रार नसावी म्हणून. आमच्या पंचक्रोशीत तेराव्याला गोडाचं जेवण असतं. तेव्हा तेरा आकडा गेलेल्याला वाईट असेल. पंगतीला बसणाऱ्याची जिलबीबद्दल कधी कुरकूर ऐकली नाही.

बाकी आकड्यांचा छळ आमच्याकडं रोजचाच. तीन पोळ्या ताटात वाढायच्या नाहीत. दोन वाढतात आणि तिसरी अर्धी मोडून ‘अडीच’ करतात, मग उरलेली अर्धी हळूच सरकवतात. पोटात तीन जातात, हिशोबात जात नाहीत. आहेर शंभराचा नाही, एकशेएकाचा. वरचा एक रुपया शोधताना मंडपाच्या दारात माणसांची जी तारांबळ उडते ती बघण्यासाठी मी लग्नाला लवकर जातो. चारशे वीस हा तर सरकारमान्य वाईट आकडा. १८६० च्या दंडसंहितेतलं फसवणुकीचं कलम. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली, फसवणूक आता नव्या न्यायसंहितेत कलम ३१८ मध्ये राहायला गेली आहे. पण "तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे" म्हणून बघा. शिवी दिल्याचं काही समाधान मिळत नाही.

तेरा तेजी सरली तेव्हा आम्ही वाराकडं वळलो. वार म्हणजे सगळ्यांत अवघड. वारांचं गणित मला डोक्यावरच्या केसांमुळं तोंडपाठ आहे. महाराष्ट्रात न्हाव्याचं दुकान सोमवारी बंद, कर्नाटकात मंगळवारी बंद. आम्ही सीमेवरची माणसं, दोन्ही पाळतो. गुरुवार दत्ताचा, एका बाजूला माणिकनगर, दुसऱ्या बाजूला गाणगापूर, तेव्हा गुरुवारी कात्री लावायची म्हटलं तर दोन्हीकडून डोळे वटारले जातात. शनिवार मारुतीचा आणि शनीचाही. शुक्रवारी लक्ष्मी जाते. बुधवार माझा जन्मवार. उरला रविवार, त्या दिवशी अख्ख्या गावाचा तोच एक दिवस उरलेला असल्यामुळं नंबर दुपारनंतर लागतो आणि साडेचार ते सहा राहुकाल असतो. या कारणानं माझ्या डोक्यावर जे दिसतं त्याला लोक कलावंताचे केस समजतात.

फ्रिजला आणखी एक अडचण. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही. फ्रिज लोखंडात मोडतो का?

"पत्रा आहे तो," मी म्हटलं.

"पत्रा कशाचा असतो?" आई.

"दार प्लास्टिकचं असतं," सौ.नं मध्यममार्ग काढला.

तेवढ्यात माझा भाचा, इंजिनीअरिंगला आहे, म्हणाला, "सोपं आहे मामा. लोहचुंबक लावून बघायचा." जुन्या फ्रिजवर पंढरपूरहून आणलेला विठोबाचा चुंबक गेली कित्येक वर्षं चिकटून उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. विठोबानं साक्ष दिली. लोखंडच.

मी घरच्यांना सांगून बघितलं की वार हा प्रकार आपल्या पूर्वजांना फार उशिरा कळला. वेदांत तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, सोमवार-मंगळवार नाहीत. भारतात वाराचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावरचा बुधगुप्ताच्या काळातला लेख दाखवतात; तो इ.स. ४८४ चा, आणि त्यात गुरुवार आहे. सात ग्रह, त्यांच्या होरा, त्यावरून ठरणारा वारांचा क्रम, हे सगळं त्या काळच्या ग्रीक ज्योतिषाशी झालेल्या देवघेवीतून आलेलं. म्हणजे त्याआधी शेकडो वर्षं आपले पूर्वज शनिवारी बिनदिक्कत लोखंड आणत होते, फक्त त्या दिवशी शनिवार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"म्हणूनच तर गेले ते," आई म्हणाली.

बिचाऱ्या शनीची तर माझ्या मते केवळ चालीवरून बदनामी झालेली आहे. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत तो सर्वांत संथ. सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं घेतो. बारा राशींत वाटली की एका राशीत अडीच वर्षं. आपल्या राशीच्या मागची एक, आपली एक आणि पुढची एक, झाली साडेसाती. साडेसात वर्षांच्या मुदतीत कोणत्या घरात एखादं आजारपण, एखादी कोर्टाची तारीख आणि एखादा बुडालेला बोअर होत नाही? सरकारी कामाला लागतो त्यापेक्षा हा काळ जास्त नाही, पण तालुका कचेरीला कोणी तेल वाहत नाही. निदान उघडपणे नाही.

आणि मंगळवार? कन्नड-तेलुगू मुलखात मंगळवारी नव्या कामाला हात लावत नाहीत. आपल्याकडं त्याच मंगळवारी चतुर्थी आली की ती अंगारकी, आणि देवळाबाहेर रांगा. तिकडं ग्रीसमध्येही मंगळवारच वाईट. कॉन्स्टँटिनोपल १४५३ च्या २९ मे रोजी पडलं, तो मंगळवार होता. स्पेनमध्ये तर शुक्रवारला सोडून तेरा तारखेचा मंगळवार धरतात. इटलीत तेरा चांगला, सतरा वाईट. चीनमध्ये चार वाईट. एकंदर वाईटपणाच्या बाबतीत जगात एकमत नाही. प्रत्येक गावानं आपापल्या सोयीनं एक दिवस बळी दिला आणि बाकीचे सहा कामाला मोकळे ठेवले. आमची पंचाईत एवढीच की आमच्याकडं तीन गावांचे बळी एकत्र जमलेत.

यात राजकारणी मागं नाहीत. कर्नाटकात जो मुख्यमंत्री चामराजनगरला जातो त्याची खुर्ची जाते, असं मानतात. यादी देवराज अर्स यांच्यापासून सांगतात. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीचे वीरेंद्र पाटील यांचंही नाव त्यात घेतात. पाटलांचं पद १९९० साली गेलं ते दिल्लीच्या हुकमानं. खापर फुटलं चामराजनगरवर. पुढं सिद्धरामय्या तिथं वारंवार गेले आणि २०१३ ते २०१८ अशी पाच वर्षं पूर्ण करून बसले. जे गेलेच नाहीत त्यांच्याही खुर्च्या गेल्या, पण ती यादी कोणी ठेवत नाही.

आमच्या बसवकल्याणात तर बाराव्या शतकातच या सगळ्याचा निकाल लागला होता. बसवण्णांनी एका वचनात सांगून ठेवलंय की कोणी विचारलं तर मुहूर्त चांगलाच आहे म्हणा, राशी जुळते म्हणा, चंद्रबळ-ताराबळ आहे म्हणा आणि उद्यापेक्षा आजचा दिवस बरा म्हणा. मी अक्कांना हे सांगितलं. अक्का लिंगायत, सकाळ-संध्याकाळ बसवण्णांचं नाव घेणाऱ्या. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, "दोड्डवरु. मोठी माणसं ती," म्हणाल्या. मग डोळे उघडून, "ईग मात्र ब्याड्री. राहुकाल अद." त्याच बसवकल्याणात आता बसवण्णांचा पुतळा उभा आहे. उंची एकशे आठ फूट. एकशे सात नाही, एकशे नऊही नाही.

हे सगळं माहीत असून मी गप्प का बसतो, असं सौ. मला विचारते. तर मला शनीची भीती नाही, राहूची नाही, तेराची तर मुळीच नाही. मला भीती आहे ती "मी म्हटलं नव्हतं का?" या वाक्याची. फ्रिज शनिवारी आणला आणि पाच वर्षांनी त्याचा बल्ब गेला तरी आई ते वाक्य म्हणणार. तिच्यामागून अक्का म्हणणार. चाचा म्हणणार नाहीत, पण साखर मोजताना माझ्याकडं बघतील. शनी साडेसात वर्षांनी सोडतो. शेजारी सोडत नाहीत.

मग गणपती आले, त्यात कोणाला सवड. गणपती ६ सप्टेंबरला गेले आणि ७ तारखेच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. गल्लीत सगळ्यांनी दुधा-दह्यावर, लोणच्याच्या बरण्यांवर दर्भ आणि तुळशीची पानं ठेवली. आमच्याकडं पान ठेवायलाही काही नव्हतं; जे होतं ते दुपारीच नासलं होतं. ८ पासून पितृपक्ष. दुकानदाराचा फोन आला, "साहेब, या पंधरवड्यात घ्या, गिऱ्हाईक नाही, हजार रुपये कमी करतो."

"हजार!" सौ. म्हणाली.

"पितर बघतायत," आई म्हणाली.

"बघू द्या. त्यांच्याही पानाला थंड पाणी ठेवता येईल."

आई पितरांच्या वतीनं नाही म्हणाली. २२ सप्टेंबरला घटस्थापना. सरकारनंही जीएसटीचे नवे दर नेमके त्याच दिवशी लागू केले, तेव्हा दिल्लीतही कोणाच्या तरी भिंतीवर कालनिर्णय असावं असा आईला संशय आहे. मोठे टीव्ही उतरले, एसी उतरले. फ्रिज कितीतरी वर्षांपासून अठरा टक्क्यांतच होता; तो तिथंच राहिला. सगळ्या ग्रहांनी मिळून आमच्यासाठी ठेवलेली सूट ही अशी.

शेवटी दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, २ ऑक्टोबर, गुरुवार. राहुकाल दुपारी दीड ते तीन, तो आम्ही जेवणात घालवला. आई, सौ., भाचा आणि मी हुमनाबादला दुकानात पोचलो, तर वाईट दिवस टाळत आलेला सगळा तालुका तिथं जमला होता. फ्रिज दिसत नव्हते, माणसंच दिसत होती. तासाभरानं एक निळा फ्रिज ठरला. बिल झालं, सतरा हजार नऊशे नव्वद.

भाच्यानं बोटं मोडली. "मामा, एक नि सात आठ, नऊ नि नऊ अठरा. सव्वीस. दोन नि सहा आठ. बेरीज आठ येते. आठ म्हणजे शनी."

"तुला इंजिनीअरिंग कोण शिकवतं रे?"

पण आईनं ऐकलं होतं. आठ आकडा शनीचा हे मोबाइलवर ज्याच्या नावानं फिरतं तो कीरो, म्हणजे विल्यम जॉन वॉर्नर नावाचा आयरिश माणूस. आपली विद्या कोकणातल्या एका चित्पावन गुरूकडं शिकलो असं तो स्वतः सांगायचा. तेव्हा याही बाबतीत साहेबाला नावं ठेवायची सोय नाही. उलटून कोकणात यावं लागतं. आता बिलातला आठ काढायचा कसा? दुकानदार देवमाणूस. तो म्हणाला, "साहेब, दहा रुपये जास्त द्या. अठरा हजार होतात. एक नि आठ नऊ. मंगळ. उत्तम." पितृपक्षात हजार रुपये कमी करणारा माणूस दसऱ्याला दहा रुपये जास्त घेत होता, आणि आम्ही त्याचे आभार मानत होतो.

"डिलिव्हरी आज ना?"

"आज टेम्पो रिकामा कुठाय साहेब! उद्याही नाही. परवा सकाळी."

परवा म्हणजे शनिवार. सकाळी म्हणजे नऊ ते साडेदहा, राहुकाल. आषाढापासून आम्ही जे जे टाळत आलो होतो ते नेमक्या एका वेळेला दुकानदारानं एकत्र आणून ठेवलं. मी कपाळाला हात लावला. आई मात्र शांत होती. तिनं फ्रिजचं दार उघडलं, आत हात घातला आणि बर्फाचा ट्रे काढून पिशवीत टाकला.

"हे काय?"

"प्रस्थान."

पूर्वी लांबच्या प्रवासाला निघायचं आणि जायचा दिवस वाईट निघाला, तर आदल्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायचे. म्हणजे माणूस निघाला, असं ग्रहांनी समजायचं. मग वाईट दिवशी निवांत निघावं, जाताना गाठोडं उचलावं. एवढा मोठा राहू, चंद्रसूर्याला गिळणारा; पण पावशेर तांदळाला फसतो. आपल्या पूर्वजांनी वाईट दिवस शोधले त्याचं मला फारसं कौतुक नाही. प्रत्येक वाईट दिवसाला त्यांनी मागचं दार ठेवलं, त्याचं आहे.

आईनं हेच उलटं लावलं. दसऱ्याच्या दिवशी सूर्यास्ताआधी बर्फाचा ट्रे आमच्या घरी आला. त्याला हळदकुंकू लागलं, आपट्याचं पान ठेवलं गेलं, चौरंगावर बसवून निरांजन ओवाळलं गेलं. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं फ्रिज घरी आला होता. शनिवारी यायचा होता तो नुसता देह.

शनिवारी सव्वानऊला टेम्पो गल्लीत शिरला. काचेवर एका कोपऱ्यात श्री, दुसऱ्यात ७८६, बंपरला लिंबू आणि सात मिरच्या. एवढा बंदोबस्त करूनही मागचं चाक पंक्चर झाल्यामुळं पाऊण तास उशीर, असं ड्रायव्हरनं सांगितलं. फ्रिज दोरीनं बांधून नवरदेवासारखा उभा केलेला. हमाल पुढं सरसावले.

"निल्लिरी!" अक्कांनी कट्ट्यावरून हात वर केला.

"अक्का, प्रस्थान झालंय."

"तुमच्यात झालंय. नमदाग राहुकाल अद की."

ड्रायव्हर म्हणाला, थांबायचे वेगळे पैसे पडतील. भाच्यानं मोबाइल काढून सांगितलं की राहुकाल सूर्योदयावर अवलंबून असतो. सूर्योदय सहाला धरला तर साडेदहा, पण आजचा सूर्योदय काही मिनिटं पुढं आहे, म्हणजे राहुकालही सरकतो. ड्रायव्हरनं त्याच्याकडं जे बघितलं ते बघून भाचा घरात गेला. चाचा आले. त्यांनी परिस्थिती समजून घेतली, टेम्पोवरचा ७८६ बघितला आणि निकाल दिला, "अब्बी उतारे तो बी कुच नै होता. मगर अक्का बोल रै तो चा पीलो." सगळ्यांनी चहा घेतला. उन्हात नवा फ्रिज इतका तापला की त्यावर पोळी भाजली असती. साडेदहाला अक्कांनी मान हलवली आणि फ्रिज उतरला.

तो चालतोय. उत्तम चालतोय, आणि त्यामुळंच घरात भांडण आहे. आईच्या मते हा ट्रेचा प्रताप. भाच्याच्या मते त्या दहा रुपयांचा. अक्का येता-जाता फ्रिजकडं बोट करून पाहुण्यांना सांगतात, "मी थांबवला म्हणून." चाचा काही बोलत नाहीत, पण त्यांच्याकडच्या आइस्क्रीमचा जादा माल मधूनमधून आमच्याकडं ठेवायला येतो, तो हक्कानं. कंपनीचं नाव कोणी घेत नाही.

डिसेंबरात वेळ अमावस्या आली. सबंध महाराष्ट्र अमावस्येला दबकून असतो. आमच्या बिदर-कलबुर्गी-लातूर पट्ट्यात मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे वर्षाचा सगळ्यांत मोठा दिवस. गावात चिटपाखरू राहत नाही. एरवी अमावस्येला दुचाकीची किल्लीही हातात घेऊ न देणारी आई सकाळीच ट्रॅक्टरमध्ये पुढं बसलेली असते, मांडीवर आंबिलीचं बिंदगं. शेतात कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. अक्कांचं शेत शेजारीच, त्या ज्वारीची भाकरी घेऊन आल्या. चाचांना बोलावणं असतंच. कॅलेंडरं तिन्ही घरी भिंतीला टांगलेली होती. मी विचारलं, "आज अमावस्या ना? चालते?"

"शेतात चालते," आई म्हणाली आणि मला आणखी एक उंडा वाढला.

जेवता जेवता कपडे धुण्याच्या मशिनचा विषय निघाला. पंचकानं पाच न्यायचे होते ते अजून पुरे झालेले नव्हते. आमचं मशिन तेवढ्यात आपणहून गेलं होतं. आईनं बोटं मोजली. आता पौष लागणार, शुभकार्य नाही. अक्का म्हणाल्या, आमच्याकडं तर शून्यमास लागलाच आहे, संक्रांतीपर्यंत नाव काढू नका. भाच्यानं दोन मॉडेलांच्या किमतींच्या बेरजा करून एक बाद केलं. चाचा म्हणाले, त्यांच्याकडनं सध्या काही हरकत नाही. मी संक्रांतीनंतरचे गुरुवार मोजायला लागलो.

सौ.नं मोबाइल पुढं केला. सकाळीच, ट्रॅक्टरमध्ये बसल्या बसल्या, तिनं मशिन मागवून पैसे भरून टाकले होते.

"आज? अमावस्येला?" आई.

"आजच्यापुरती सूट होती. सोमवारी सकाळी येतंय. आठ वाजता."

"सोमवार साडेसात ते नऊ राहुकाल," अक्का आणि भाचा एकदम म्हणाले.

आईनं भज्जीचा घास तोंडात घातला. सावकाश चावला. आंबिलीचा घोट घेतला. मग सौ.कडं वळून म्हणाली, "त्याचा पाइप वेगळा मिळतो का बघ. तेवढा आजच्या आज आणून ठेवू."